माशानं अंगावर घेतलं

जीलोंग, तैवान,
१४ जानेवारी

प्रिय यी-चन,

इतके महिने मी तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल आधी माफी मागते. कामाचं निमित्त सांगितलं तर ते खोटं होईल. ग्रंथालयात हिवाळ्यात काम कमीच असतं, पावसामुळे माणसं येत नाहीत. खरं कारण तुलाही माहीत आहे. चंद्राच्या सणाला आपण गच्चीवर शेगडी पेटवून बसलो होतो, आई खाली सॉस आणायला गेली होती, आणि मी म्हटलं की मागच्या खोलीत माशांची एवढी मोठी टाकी नको, ही भूकंपाची जमीन आहे, पाळण्याशेजारी कशाला हवं इतकं वजन. तू चिमट्यानं मांसाचा तुकडा उलटलास आणि हळूच म्हणालीस, "ताई, तुला त्या खोलीत मी नको आहे. मासे आपलं निमित्त." मी उत्तर दिलं नाही. तू म्हणालीस ते खोटंच आहे, अशी माझी खात्री नव्हती म्हणून दिलं नाही. आमच्या न आलेल्या बाळासाठी ग्वांग-रननं त्या खोलीला पिवळा रंग कधी दिला होता, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून मी स्वतःला पुनःपुन्हा विचारते आहे की तू बाळंतपणानंतर बाळ घेऊन महिनाभर त्या खोलीत येणार याचा मला आनंद आहे की नाही. आहे, असं आज लिहिते. पुढचं वाचताना हे वाक्य विसरू नकोस.

टाकीची हकिगत आईनं तुला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितली असेल, पण ती सगळी तिच्या चवीची. मी पहिल्यापासून सांगते. देवळातल्या त्या म्हाताऱ्यानं तिला सांगितलं की यंदा आपल्या घराच्या मागच्या कोपऱ्यावर संकट बसलं आहे, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात बाळंतीण येणार. उपाय काय, तर मासे पाळा. संकट आलं की मासा ते अंगावर घेतो आणि मरतो, माणूस सुटतो. आईनं जन्मभर मासे विकले, पाळला एकही नाही. ती घरी येऊन ग्वांग-रनला म्हणाली, "जावईबुवा, जहाजावरची नोकरी सुटल्यापासून नुसते सोफ्याला इंजिन समजून घरघर करताय. घ्या, काम आलं." तू त्याचा चेहरा पाहायला हवा होतास. जहाजाच्या इंजिनरूममधून कायमचा घरी आलेला माणूस, त्याला पुन्हा नळ, पंप आणि झडपा मिळाल्या.

त्यानं गोड्या पाण्याचे मासे आणायला साफ नकार दिला. बंदरातल्या माणसाच्या घरी समुद्रच हवा, असं त्याचं म्हणणं. मग जाड काचेची, पलंगाएवढ्या लांबीची टाकी आली. चौघा जणांनी ती जिन्यावरून वर आणली तेव्हा आई दारात उभी राहून ओरडत होती, "सरळ, सरळ! शवपेटी नाही, मत्स्यालय आहे!" टाकीला एका कोपऱ्यात भोक असतं, तिथून वरचं पाणी सतत खाली वाहतं आणि दुसऱ्या एका टाकीत पडतं. तिला हे लोक सम्प म्हणतात. सगळी घाण, सगळी यंत्रं त्या सम्पमध्ये, आणि पंप तेच पाणी साफ करून पुन्हा वर चढवतो. म्हणजे खोलीत दिसतो तो नुसता देखावा, घर चालतं ते मागच्या बाजूला. सम्प खोलीत ठेवला तर पाण्याच्या खळखळीनं बाळ झोपणार नाही, म्हणून ग्वांग-रननं तो मागच्या गॅलरीत ठेवला, वॉशिंग मशीन, सिलिंडर आणि गॅसच्या गीझरच्या ओळीत. भिंतीला दोन भोकं पाडली, एक पाणी जायला, एक यायला. भोकांत फोम भरला, पण नळ थरथरतात म्हणून भोवती थोडी फट ठेवली.

खरं समुद्राचं पाणी दोन गल्ल्यांपलीकडे आहे, आणि हा पुड्यातलं मीठ फिल्टरच्या पाण्यात विरघळवून समुद्र बनवत बसला. आईला हसू आवरेना. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवायची, "बघा, आमचे जावईबुवा समुद्राचं सूप करताहेत. आलं घालू का?" तो शांतपणे सांगायचा की बंदरातल्या पाण्यात तेल असतं. त्याची सगळी कामं अशीच, जपून आणि निगुतीनं. वीज गेली तर वरचं किती पाणी खाली येईल, हे त्यानं मेन स्विच बंद करून पाहिलं आणि सम्पवर लाल रेघ मारली. रेघेच्या वर पाणी कधीच भरायचं नाही. लादीवर एक थेंब सांडला नाही. मीही टाळ्या वाजवल्या.

एकच गोष्ट त्याच्या हिशेबात बसत नव्हती, ती म्हणजे आपल्या गावाचा पाऊस. बाबांच्या वेळेपासून त्या गॅलरीला नुसते गज. वाऱ्याबरोबर पाऊस आत यायचा आणि सम्पमध्ये पडायचा, खारं पाणी अळणी व्हायचं. त्यानं एका आठवड्यात गजांच्या आतून अॅल्युमिनियमची चौकट बसवली आणि जाड सरकत्या काचा लावल्या. गल्लीतल्या निम्म्या घरांनी असंच केलं आहे, कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मागच्या खोलीची खिडकी गॅलरीतच उघडते, म्हणून आईला दुप्पट आनंद झाला. म्हणाली, "आता धाकटीच्या अंगाला महिनाभर वारा शिवणार नाही." ग्वांग-रननं काच चार बोटं उघडी ठेवा म्हणून बजावलं, कारण गीझर आहे. आई हो म्हणाली. तिची ती चार बोटं तुला माहीत आहेत. तो वळला की काच बंद.

पाणी मुरायला बरेच आठवडे लागले. मग पहिला मासा आला, पिवळाधमक, चपटा, ताटलीसारखा. आईनं त्याचं नाव ठेवलं मुकादम, कारण तो सगळ्या दगडांवरून देखरेख करत फिरायचा. आणि थंडी पडायला लागली तसा एका सकाळी मुकादम तळाशी आडवा पडलेला सापडला. मला वाईट वाटलं. आईनं उदबत्ती लावली, संत्री ठेवली आणि तुला फोन केला. आठवतो ना तो फोन? "धाकटे, पहिलं संकट गेलं! माशानं अंगावर घेतलं!" तू हसलीस, ते मला इकडे ऐकू आलं. आईनं त्याचा कल्ला अंगठ्यानं उचलून मला दाखवला. लालभडक. "बघ, आजारानं मेलेल्याचा कल्ला तपकिरी पडतो. हा धडधाकट होता. ठरवून गेला." मासळीबाजारात तिच्या अंगठ्यावर सगळ्यांचा भरवसा होता. मीही ठेवला.

त्यानंतर निळा गेला. मग दोन काळेपांढरे एकापाठोपाठ. सगळ्यांचे कल्ले तसेच, नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे. दर वेळी उदबत्ती, दर वेळी तुला फोन, आणि दर वेळी ग्वांग-रनचा चेहरा जरा जास्त उतरलेला. तो नळ्यांमध्ये पाणी घेऊन थेंब टाकायचा, रंग बघायचा. सगळं ठीक. फक्त पी-एच संध्याकाळी घसरायचा. दिवे चालू असताना तो चढायला हवा, म्हणे. "घरातली हवा कोंडली की असं होतं," तो म्हणाला, आणि त्यानं उपाय केला. सम्पमध्ये एक उभं नळकांडं असतं, ते हवा ओढून पाण्यात घुसळतं आणि फेसाबरोबर घाण वर काढतं. आम्ही त्याला फेसवाला म्हणतो. ग्वांग-रननं मोठा फेसवाला आणला, जास्त हवा ओढणारा. हवा अर्थात गॅलरीतलीच. मासे जास्त भराभर मरायला लागले. आई म्हणाली, "संकट मोठं आहे. आणखी मासे आणा."

याच दिवसांत आईचं डोकं दुखायला लागलं. आंघोळ करून आली की पलंगावर बसून राहायची, कधी जेवण नको म्हणायची. एकदा ओकारी झाली. तुला सांगू दिलं नाही. "पोटुशी बाईला असल्या बातम्या देत नाहीत." हवेवर ढकललं, वयावर ढकललं, कालवांच्या कालवणावर ढकललं. काकू तर म्हणाल्या, "गाल कसे लाल झालेत, नात येणार म्हणून तरुण झालात!" मी तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, गोळ्या दिल्या. तिथे बाकावर बसल्या बसल्या तिचं डोकं दुखायचं थांबलं. बाहेरच्या वाऱ्यानं बरं वाटलं, असं ती म्हणाली आणि आम्ही दोघी घरी आलो. मी त्यावर विचार केला नाही, यी-चन. वाक्य ऐकलं आणि छत्री उघडली.

विचार सुरू झाला तो स्वयंपाकघरात. शेवटच्या जोडीआधीचा मासा गेला तेव्हा आईला त्याला समुद्रात सोडायचं होतं, पण पाऊस थांबेना, म्हणून तिनं तो फ्रीजमध्ये ठेवला. काही दिवसांनी काढला आणि सवयीनं कल्ला उचलला. अजून लाल. तिला राग आला. अगदी बाजारातल्यासारखा राग. "हे काय, धुरी दिलेल्या ट्यूनासारखं! इतके दिवस लाल राहतो होय मासा?" मी विचारलं धुरी म्हणजे काय. तिनं मला अडाण्याकडे बघावं तसं पाहिलं. "दोन पदव्या घेतल्यास आणि हे माहीत नाही? जुना माल ताजा दिसावा म्हणून हरामखोर लोक त्याला वायू पाजतात. चुलीच्या धुरातला, पण वास नाही, रंग नाही. मांस लालच्या लाल राहतं. आपल्या गाळ्यावर असला माल मी कधी चढू दिला नाही." एवढं बोलून तिनं मासा कागदात गुंडाळला, गीझर लावला आणि हात धुवायला गेली. मी ओट्यापाशी उभी होते. गॅलरीत गीझरनं धप्प करून पेट घेतला, तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आले आहे. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा ऐकू आला.

तरी मी लगेच काही बोलले नाही, आणि का बोलले नाही ते लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मी पुस्तकं काढून वाचलं. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की तोच वायू तयार होतो; तो रक्ताला धरून बसतो, रक्त लाल राहतं आणि श्वास उपयोगाचा राहत नाही. पण माशांबद्दल असं ठाम कुठे लिहिलेलं नव्हतं. मासे दहा कारणांनी मरतात. आई एकोणसत्तर वर्षांची आहे, तिचं डोकं दुखू शकतं. आणि मी कोण? त्या खोलीत तू नको म्हणून निमित्त शोधणारी बाई. असं तू म्हणाली होतीस. मला जे दिसत होतं ते खरंच दिसत होतं, की मला हवं होतं म्हणून दिसत होतं? ग्वांग-रनला विचारलं. तो दुखावला. ज्वाला निळी आहे, काच चार बोटं उघडी आहे, मी जहाजांची बॉयलरं सांभाळली आहेत, असं म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. काच चार बोटं उघडी असती तर.

आज दुपारी आईनं मला मागच्या खोलीत झोपायला लावलं. तुझ्यासाठी खोली तयार झाली आहे. पलंग टाकीच्या समोर, पाळणा नळांच्या भिंतीला. दाराच्या फटीला तिनं टॉवेल शिवून बसवला आहे, खिडकीला चिकटपट्टी. म्हणाली, "पड जरा, आणि सांग कुठून वारा लागतो का. तुला लागला नाही तर तिला लागणार नाही. तू तशी कागदासारखी आहेस, लगेच फडफडतेस." ती बाळाचे कपडे गरम पाण्यात धुवायला बसली. ग्वांग-रन बंदरावर गेला होता. मी पडले. गीझर चालू होता, तो मला भिंतीतून ऐकू येत होता, आणि वारा खरंच कुठून लागत नव्हता. गरम होतं, बरं वाटत होतं. टाकीत शेवटचे दोन राहिले होते, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. आईनं त्या जोडीला तुझं आणि तुझ्या युन-हानचं नाव दिलं होतं. मी पाळण्याकडे पाहत विचार केला की हा पिवळा रंग अजून चांगला टिकला आहे. मग डोक्याच्या मागे कुणीतरी हळूहळू दाबतंय असं वाटलं. झोप येते आहे असं समजून मी सोडून दिलं. खरंच सोडून दिलं, त्यात भीती नव्हती, हेच आठवून आता भीती वाटते.

जोडीतला लहान मासा पाण्याच्या वरच्या कडेला गेला, तोंड उघडबंद करत राहिला, आणि मग तिरका होऊन पानासारखा खाली आला. मी तो पडताना पाहिला. उठायचं ठरवलं तर पाय माझे नव्हते. मी पलंगावरून खाली घसरले आणि दारापर्यंत रांगत गेले. तो टॉवेल निघेना, तिनं इतका पक्का बसवला आहे. दार उघडून मी बाहेरच्या खोलीच्या लादीवर पडले आणि ओरडले, किंवा मला वाटलं ओरडले. आई फेसाळ हातांनी आली. तिला समोरच्या खिडक्या उघडायला सांगितलं, आणि देवाशपथ सांगते, ती आधी म्हणाली, "अगं, पाऊस येईल आत." मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि उघडल्या.

संध्याकाळी ती टाकीसमोर उभी राहिली. लहानगा तळाशी होता. तिनं उदबत्ती लावली आणि मला म्हणाली, "बघ, थोरले. तुझ्यावरचं त्यानं घेतलं." या वेळी मी वाद घातला नाही. तो पडला नसता तर मी उठले नसते, यात खोटं काय आहे? पण मग मी तिला बसवलं आणि धुरी दिलेल्या ट्यूनाबद्दल तिचंच वाक्य तिला परत ऐकवलं, तो वायू कुठून येतो ते सांगितलं, तिचं डोकं नेमकं केव्हा दुखतं ते तिलाच आठवायला लावलं. तिनं उदबत्तीखालची राख बोटानं पुसली. मग म्हणाली, "म्हणजे मी माझ्या घरात तो माल चढू दिला?" आणि नंतर लगेच, "पण धाकटीला आलं घातलेलं गरम पाणी लागणारच. खिडकी उघडी ठेवून कसं चालेल?" आता तुला कळेल मला कशाची भीती वाटते. तिला समजलं आहे, आणि तरी ती खिडकी बंद करील, कारण वारा तिला दिसतो आणि हे दिसत नाही. ग्वांग-रन घरी आल्यापासून गॅलरीत बसला आहे. त्या काचांच्या चौकटीवरून हात फिरवतो. सिलिंडरचा रेग्युलेटर मी काढून माझ्या पर्समध्ये ठेवला आहे, आणि आई काकूंकडे आंघोळीला गेली आहे, माझ्या नावानं बोटं मोडत.

हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं. येऊ नकोस. मी बोलावेपर्यंत बाळाला घेऊन या घरात येऊ नकोस, आईनं कितीही गळ घातली तरी, आणि ती स्वतः तुला न्यायला काओश्योंगला आली तरी. गीझर या गॅलरीतून जाईपर्यंत आणि ती भोकं बुजेपर्यंत नको. हे फोनवर सांगता आलं असतं, पण आई फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते, आणि तू त्यातलं "येऊ नकोस" एवढंच ऐकलं असतंस. म्हणून सगळं लिहिलं, माझ्या मनात जे बरंवाईट आहे त्यासकट, म्हणजे तुला तोलून पाहता येईल. तुला अजूनही वाटलं की ताईला मी त्या खोलीत नको आहे, तर वाटू दे. माझ्यावर रागाव, पण तिथेच राहून रागाव. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुरियरनं हे आत्ताच पाठवते आहे. परवा मिळेल तेव्हा मला फोन कर, नुसतं "वाचलं" म्हण. आणि तुमच्या तिथल्या घरी गीझर कुठे लावला आहे, ते उठून बघून ये. आत्ता, पत्र खाली ठेवून.

मोठा केशरी अजून जिवंत आहे. खिडक्या उघडल्यापासून दगडाभोवती फेऱ्या मारतो आहे, जोडीदाराला शोधत असावा.

तुझीच,
पेइ-रू

ता. क. उद्या सकाळी मागच्या गॅलरीच्या काचा चौकटीतून उतरवतो आहोत.